हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा

नोव्हेंबर 2015 मध्ये आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ टू बीएचके घेतला. 25 लाखांचं कर्ज, वीस वर्षांची मुदत, साडेनऊ टक्के बदलता व्याजदर, हप्ता 23,303 रुपये. हे कर्ज मे 2024 मध्ये फिटलं. आमच्यासारख्या दुसऱ्या घरांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे, आकड्यांसकट.

नवरा अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात कायम कामगार. मी घरी शिकवण्या घेते, पाचवी ते सातवीचं गणित आणि विज्ञान. गावाकडची जमीन विकून पैसा आलेला नाही, कुणी घसघशीत मदतही केलेली नाही. डाउन पेमेंटला दोघांची बचत आणि माझ्या थोड्या दागिन्यांचे पैसे गेले होते, त्यामुळे सुरुवात झाली तेव्हा हात रिकामेच होते.

पहिलं वर्ष संपल्यावर बँकेतून कर्जाचं स्टेटमेंट आणलं आणि संध्याकाळी ओट्याशी उभी राहून वाचलं. वर्षभरात आम्ही भरले होते 2 लाख 79 हजार 636 रुपये. त्यातले व्याजात गेले 2 लाख 35 हजार आणि मुद्दल उतरलं फक्त 44 हजारांनी. मी पुन्हा बेरीज केली, बँकेचं काही चुकलं असेल असं वाटून. चूक नव्हती. पहिल्या हप्त्यातच 19,792 रुपये व्याजाचे होते आणि मुद्दलाला लागले होते जेमतेम साडेतीन हजार. सुरुवातीला मुद्दल मोठं म्हणून व्याज मोठं, आणि हप्त्यातून आधी व्याज वळतं होतं. याच गतीने भरत राहिलो तर दहा वर्षांत 28 लाख भरूनही 18 लाख बाकी राहणार होते. वीस वर्षांचं एकूण व्याज 31 लाखांच्या घरात. म्हणजे घेतलेल्या कर्जापेक्षा जास्त.

त्याच रात्री मी मुलीच्या जुन्या वहीत दुसरा हिशेब मांडला. आता, दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर, हप्त्याच्या वरचे एक लाख भरले आणि हप्ता तेवढाच ठेवला तर काय होईल? उत्तर आलं, शेवटचे तेवीस हप्ते गळतात. 23,303 गुणिले 23 म्हणजे पाच लाखांच्या वर. आजचे एक लाख पुढचे पाच लाख वाचवतात. नवरा सेकंड शिफ्ट करून आला तेव्हा त्याला वही दाखवली. तो जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, "अगं, मग बोनस हातात कशाला ठेवायचा?"

तो पहिला एक लाख जमवायला दिवाळीचा बोनस, मोडलेली एक एफडी आणि माझ्या शिकवण्यांचे पैसे, असं सगळं लागलं. एफडी मोडताना जिवावर आलं होतं. पण एफडीवर साताच्या आसपास व्याज घ्यायचं आणि कर्जावर साडेनऊ द्यायचं, यात आपण दर महिन्याला आतबट्ट्यातच असतो.

पैसे घेऊन शाखेत गेलो तेव्हा काउंटरवरच्या साहेबांनी आपुलकीनेच सांगितलं, "ताई, हप्ता कमी करून घ्या, महिन्याला हजारभर सुटतील." बहुतेक लोक इथेच हो म्हणतात, कारण हप्ता कमी झालेला लगेच दिसतो. हप्ता कमी केला तर मुदत वीस वर्षांचीच राहते आणि वाचणारं व्याज फारच थोडं. हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली तरच खरा फायदा. मी अर्जावर स्वच्छ लिहिलं: रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता कायम ठेवावा, मुदत कमी करावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घेतली. आठवड्याने पुन्हा स्टेटमेंट काढून बाकी मुद्दल आणि बाकी मुदत दोन्ही तपासलं. काही ठिकाणी अशी रक्कम पुढचे हप्ते आगाऊ भरले म्हणून धरली जाते आणि मुद्दल तिथेच राहतं, म्हणून हे तपासणं सोडू नये. असे वरचे पैसे भरल्याबद्दल दंड मात्र आमच्यासारख्या कर्जाला लागत नाही. बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क घ्यायला रिझर्व्ह बँकेने 2012 मध्येच बँकांना मनाई केली आहे. हे आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं.

नातेवाइकांत चर्चा झालीच. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, गृहकर्ज फेडायचं नसतं, टॅक्स वाचतो." त्यांच्यासाठी मी हिशेब केला. तेव्हाच्या करपद्धतीत व्याजाची वजावट मिळायची जास्तीत जास्त दोन लाख. वीस टक्क्यांच्या पट्ट्यात पूर्ण वजावट मिळाली तरी कर वाचायचा चाळीस-एकेचाळीस हजार. तेवढं वाचवायला बँकेला द्यायचे 2 लाख 35 हजार. शिवाय वरून भरलेलं मुद्दलही प्राप्तिकराच्या 80सी कलमातल्या दीड लाखांच्या मर्यादेत बसायचं, तो फायदा जातच नव्हता. कर्ज फेडण्याऐवजी एसआयपीत, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम म्युच्युअल फंडात गुंतवा, हा मुद्दा त्यापेक्षा वजनदार होता. लांबच्या मुदतीत शेअर बाजार कर्जाच्या दरापेक्षा जास्त देऊ शकतो, हे मलाही मान्य आहे. पण तिथे खात्री नाही, आणि कर्जात भरलेल्या प्रत्येक रुपयावर साडेनऊ टक्के वाचणार ही पक्की खात्री. एका पगारावर चालणाऱ्या घराला मी आजही आधी कर्ज फेडायलाच सांगेन.

मग पुढची वर्षं काटकसरीची. मी एकच नियम ठेवला होता: वर्षाला सरासरी दीड लाख वरचे भरायचे. त्यातले निम्म्याहून जास्त शिकवण्यांतून यायचे. हॉलमध्ये सतरंजी अंथरून मुलं बसवायची, संध्याकाळी दोन बॅचेस. ही फी घरखर्चाच्या खात्यात कधी येऊच दिली नाही. वेगळं बचत खातं उघडलं, ते खातं कर्जखात्याला जोडलं, आणि पंचवीस हजार साठले की लगेच भरायचे. आमच्या कर्जाचं व्याज रोजच्या शिलकीवर मोजलं जायचं, म्हणून वर्षाअखेरीची वाट बघण्यात अर्थ नव्हता. उरलेली रक्कम बोनसमधून. वेतनवाढीचा करार झाला की मिळणारा फरक दोनदा आला, आणि दोन्ही वेळा तो आला तसा कर्जात गेला. दुसऱ्यांदा फरक आला तेव्हा नवऱ्याच्या बरोबरच्या पुष्कळ जणांनी कार बुक केली. त्यालाही घ्यायची होती. दोन रात्री आम्ही त्यावर बोललो. मग त्याने स्वतःच सांगितलं, कार कर्ज फिटल्यावर. तोवर स्प्लेंडर आणि लांब जायचं तर एसटी. 2021 पासून शहरात सिटीलिंकच्या बस आल्या, तेव्हा माझं बरंच काम त्यावर भागलं.

स्वयंपाकघरात पैसा वाचतो तो किलोकिलोने आणणं बंद केल्याने. एप्रिल-मेमध्ये वर्षाचा गहू भरायचा, ऊन दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत. इंद्रायणी तांदूळ घोटीहून एकदम. डाळी सासूबाईंच्या माहेरून. पापड, कुरडया, मसाला घरचा. भाजीला बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात, दिवस मावळताना, भाव उतरल्यावर. हे आमच्या आया करतच होत्या. आम्ही ते मधल्या काळात सोडलं होतं, एवढंच. बाहेर जेवण वाढदिवसाला. जुना फ्रिज दुरुस्त करून चालवला. मोबाइल मोडेपर्यंत वापरला. मुलीला घराजवळच्या मराठी शाळेत घातलं. हा निर्णय पैशासाठी नव्हता, पण फीमध्ये मोठा फरक पडला हे खरं.

काही गोष्टींना मी हात लावला नाही. सासूबाईंची औषधं, सगळ्यांचा आरोग्य विमा, नवऱ्याची टर्म पॉलिसी, मुलीची शाळेची सहल, घरचं दूध आणि रोजचं वर्तमानपत्र. काटकसर इतकी वर्षं टिकवायची तर घरातल्या कुणाला आपण शिक्षा भोगतोय असं वाटता कामा नये. मुलीने एकदा विचारलं की आपण गरीब आहोत का. तिला वही उघडून दाखवली, बाकी मुद्दल कसं उतरतंय ते. त्यानंतर दर महिन्याचा आकडा तीच लिहायची, लाल पेनाने.

आणखी एक गोष्ट कटाक्षाने पाळली: सहा हप्त्यांएवढी रक्कम एफडीत बाजूला. तिला हात लावून मुद्दल भरायचं नाही. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, कारखाना बंद पडला, शिकवण्याही थांबल्या. रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली, आधी तीन महिने, मग ऑगस्टपर्यंत. पण त्या काळातलं व्याज चालूच राहणार होतं आणि मुद्दलात चढणार होतं. आम्ही सवलत घेतली नाही, त्या एफडीतून हप्ते भरले. ज्यांच्याकडे पर्यायच नव्हता त्यांनी ती घेतली ते योग्यच. पण ज्यांची सोय होती त्यांनीही घेतली, याचं मला तेव्हा वाईट वाटत होतं.

व्याजदराकडे लक्ष ठेवणं हा या सगळ्यातला सर्वात दुर्लक्षित भाग. आमचं कर्ज जुन्या बेस रेटवर, म्हणजे बँकेने स्वतः ठरवलेल्या किमान दरावर होतं. एप्रिल 2016 पासून एमसीएलआर (बँकेला पैसा उभारायला येणाऱ्या खर्चावरून ठरणारा दर) आला, नव्या ग्राहकांना कमी दर मिळू लागला, आमचा मात्र जागचा फारसा हलेना. बँक आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. काही हजारांचं शुल्क भरून आधी एमसीएलआरवर गेलो. ऑक्टोबर 2019 पासून नवी बदलत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर) बाहेरच्या दराला जोडणं बँकांना सक्तीचं झालं, तेव्हा पुन्हा अर्ज करून रेपोवर गेलो. मे 2020 मध्ये रेपो चार टक्क्यांवर आला आणि आमचा दर सातच्या आसपास उतरला. हप्ता तेवढाच ठेवल्यामुळे ती दोन वर्षं मुद्दल भराभर कमी झालं.

मग उलटं वळण आलं. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो चारवरून साडेसहावर गेला. आमचा हप्ता बदलला नाही, म्हणून घरी सगळे निर्धास्त. वहीत बाकी मुदत लिहिताना लक्षात आलं की ती वाढते आहे. बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली होती. मी शाखेत जाऊन हप्ता 26 हजार करायला सांगितला. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने याबद्दल सूचनाच काढल्या: दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे ठरवण्याची संधी कर्जदाराला द्यायला हवी. ज्यांचा हप्ता 2022 पासून बदललेला नाही त्यांनी आपली बाकी मुदत आजच बघावी, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

मे 2024 मध्ये बाकी अडीच लाखांच्या आत आली. फोरक्लोजरचं, म्हणजे कर्ज मुदतीआधी पूर्ण फेडण्यासाठीच्या रकमेचं पत्र मागितलं. त्यात बाकी मुद्दल, त्या तारखेपर्यंतचं व्याज आणि पुढच्या प्रत्येक दिवसाचं व्याज दिलेलं असतं, त्यामुळे ज्या दिवसाचा आकडा आहे त्याच दिवशी भरायचं. आरटीजीएस केला. हिशेब केला तर व्याज एकूण अकरा लाखांच्या आसपास गेलं होतं. नवऱ्याने तो आकडा एकतीस लाखांच्या आकड्याखाली लिहिला आणि बराच वेळ वही हातात धरून बसला.

पैसे भरले म्हणजे काम संपलं असं मात्र नाही. मूळ कागदपत्रं शाखेत नव्हती, मुंबईच्या साठवणुकीतून यायची होती. डिसेंबर 2023 पासूनच्या नियमाप्रमाणे पूर्ण परतफेडीनंतर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. मी अर्जात या नियमाचा उल्लेख केला होता. पाकीट आलं तेव्हा कर्ज घेताना मिळालेली कागदांची यादी सोबत नेली आणि तिथेच बसून एकेक कागद ताडून पाहिला. करारनाम्याची सगळी पानं, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), मुद्रांक शुल्काचा कागद, बिल्डरचं ना हरकत पत्र. नोंदणीची मूळ पावती नव्हती. समोरच्या बाईंनी सांगितलं, "मॅडम, सही करून ठेवा, पावती मागून पाठवतो." मी सही केली नाही. पावती आल्यावरच केली. ती यादी 2015 पासून जपून ठेवली होती म्हणून हे जमलं.

त्यानंतर ना हरकत प्रमाणपत्र घेतलं, खात्यावरची हप्त्याची आपोआप वजावट बंद केली, सुरक्षेसाठी दिलेले कोरे चेक परत घेतले. सोसायटीच्या दप्तरात बँकेचा बोजा नोंदवलेला होता, तो सेक्रेटरींना पत्र देऊन काढून घेतला. सेरसाईच्या (तारण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीच्या) नोंदीत बँकेने आपला हक्क काढला का, हे लेखी विचारलं. कर्जासोबत घेतलेली विमा पॉलिसी बँकेच्या नावे होती, ती पुन्हा आमच्या नावे करून घेतली. दोन महिन्यांनी सिबिलचा अहवाल काढून खातं बंद दिसतंय याची खात्री केली.

मुलगी आता अकरावीला आहे. हप्त्याचे 26 हजार सुटल्यावर त्यातले पंधरा तिच्या पुढच्या शिक्षणासाठी एसआयपीत जातात, बाकीचे नवऱ्याच्या कारसाठी साठतात. कार कर्ज न काढता घ्यायची असं ठरलं आहे.