लाकडावर बफ मारताना चाक किती जोरात फिरवायचं

पोळा जवळ आला की आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात सुतारांकडे तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या पोळ्याच्या, लाकडी नंदीची घाई सुरू होते, आणि आता सगळ्यांना नंदी चकाचक पाहिजे म्हणून हातानं घासायच्या ऐवजी बफ मारणं, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर घासून चकाकी आणणं, गावोगावी आलंय. चांगलंच आहे. पण बरेच जण करतात काय, लोखंडासाठी घेतलेलं बेंच ग्राइंडर असते, त्याचा दगड काढतात न् आठ इंची कापडी बफ चढवतात. हे मला खरंच धोक्याचं वाटते, म्हणून लिहून राहिलो.

त्या ग्राइंडरची मोटर मिनिटाला साधारण 2800 फेरे घेते. पण लाकडाला घासते ती बफची कड, आणि चाक जेवढं मोठं तेवढी कड जोरात पळते. हिशोब सोपा आहे, चाकाचा व्यास इंचात घ्या, त्याला आरपीएमनं, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांनी, गुणा, मग 0.08 नं गुणा, मिनिटाला किती मीटर ते येते. आठ इंची बफ 2800 वर म्हणजे जवळपास 1800 मीटर. तोच बफ 1440 च्या मोटरवर 920. लाकडासाठी मी हजार-अकराशेच्या वर जातच नाही. ग्राइंडरच वापरायचं असेल तर चार इंची बफ लावा, 900 च्या आत बसते. हातातलं चार इंची अँगल ग्राइंडर 11000 नं फिरते, त्याचे होतात 3500, ते पॉलिशच्या कामात आणूच नका भाऊ. आणि पंख्याचा रेग्युलेटर लावून मोटर हळू करायला जाऊ नका, अशी मोटर त्यानं नीट हळू होत नाही, नुसती तापते. त्यापेक्षा पुली बदला, मोटरवर तीन इंची न् बफच्या शाफ्टवर सहा इंची, 2800 चे 1400 झाले.

चाकाचा वेग वाढला की आधी पॉलिश जाते. चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश सत्तर-पंचाहत्तर डिग्रीच्या आसपास मऊ पडते, आणि जोराच्या बफखाली एका जागी थोडं जरी थांबलं तरी तेवढी गरमी होते, मग चकाकी येण्याऐवजी पॉलिश गोळा होऊन सरकते, कडेला तर खालचं सागवान उघडं पडते. मेलामाइन, पीयू (पॉलीयुरेथेन) ही नवी पॉलिशं जास्त दम धरतात, पण पूर्ण वाळलेली असली तरच. पोळ्याच्या दिवसांत हवा इतकी दमट असते की वरून कोरडं दिसते न् आतून कच्चंच राहते. नंदीच्या पोटाखाली, जिथं कोणी बघत नाही तिथं, अंगठ्याचं नख दाबून बघा. खूण उमटली तर अजून थांबा, गिऱ्हाईक कितीही मागं लागू द्या.

दुसरी भीती शिंगांची. चाक वरून खाली आपल्याकडं येत असेल तर काम मधल्या रेषेच्या खालीच करायचं, म्हणजे वस्तू हातातून सुटलीच तर खाली जाते, तोंडावर येत नाही. शिंगाचं, कानाचं टोक फिरत्या कडेच्या समोर आलं की बफ ते पकडते, आणि हिसका एवढा जोरात असतो की आवरायला वेळच मिळत नाही. चष्मा घाला, हातमोजे घालू नका, गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा, चाकाखाली एखादी जुनी गोधडी टाका. बफवर कमाल आरपीएम छापलेला असतो तोही वाचा. मी तर अंग, पाठ, पाय तेवढे बफवर घेतो. शिंगं, कान न् शेपूट मऊ सुती कापडानं हातानंच घासतो, वेळ लागते पण शिंग मोडत नाही.