सकाळचे तीन

अदिस अबाबा, इथिओपिया, बुधवार. रात्रीचे 3, म्हणजे 9.

"हबेशा वेळ की फरंज?" उद्याची गाडी ठरवताना ड्रायव्हरदादांनी विचारलं. हबेशा म्हणजे इथली, फरंज म्हणजे परदेशी. इथे सगळेच विचारतात, विचारायलाच हवं. तरी टोचलं. आपण फरंज? गोऱ्या साहेबांच्या रांगेत? आणि हे सांगायचं तरी कुणाला. घरी फोन केला की पहिला प्रश्न जेवणाचा.

हिशेब तसा सोपा आहे. सूर्य उगवला की मोजायला सुरुवात. आपले सकाळचे 7 म्हणजे इथला 1, भर दुपारचे 12 म्हणजे 6, संध्याकाळचे 6 म्हणजे 12. तबकडीवर छोटा काटा जिथे असेल त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा. हे शहर विषुववृत्तापासून जेमतेम 9 अंशांवर, त्यामुळे सूर्योदय वर्षभर फारसा हलत नाही आणि पद्धत बिनबोभाट चालते. नॉर्वेत चालवून दाखवा म्हणावं.

गोची होते ती कामाच्या वेळात. नुसतं "3 वाजता" म्हटलं तर सकाळचे 9 असू शकतात आणि दुपारचे 3 सुद्धा. दोन्ही वेळा कचेरी उघडी, त्यामुळे शंकाच येत नाही. विमानाचं तिकीट आणि इंग्रजी ईमेल फरंज वेळेत, बसवाला आणि दुकानदार हबेशा वेळेत. उपाय एकच, दिवसाचा प्रहर जोडायचा. "सकाळचे 3" म्हटलं की प्रश्न मिटला, फरंजांच्या घड्याळात तेव्हा पहाट, कामाची वेळच नाही.

फरंजांच्या. बघा, मीच लिहिलं.

तारखांचं वेगळंच. 30 दिवसांचे 12 महिने आणि शेवटी पागुमे, 5 दिवसांचा, दर चौथ्या वर्षी 6. नवं वर्ष 11 सप्टेंबरला, कधी 12 ला. सप्टेंबरातल्या त्या दिवसापासून डिसेंबरअखेर आपल्या सालातून 7 वजा करायचे, पुढे 8. म्हणून बिलावर 2/3/2017, म्हणजे इथल्या तिसऱ्या महिन्याची 2 तारीख, दिसलं की ते 11 नोव्हेंबर 2024 असतं, आणि आमचा हिशेब विभाग "इतकं जुनं बिल कसं?" म्हणून परत पाठवतो. तारखेपुढे ई.सी. (इथिओपियन कॅलेंडर) किंवा जी.सी. (ग्रेगोरियन, म्हणजे आपलं नेहमीचं) लिहून घ्यायचं, नाहीतर भोगा. पागुमेची बिलं आणखी नामी. 3/13/2016 टाकलं की अमेरिकी मांडणीवर ठेवलेलं एक्सेल निमूटपणे 13 मार्च करून टाकतं, चूक म्हणून दाखवतही नाही. अशा रकान्यात तारीख आधी मजकूर म्हणूनच भरावी. सरकारी आर्थिक वर्ष 8 जुलैला सुरू होतं, तेव्हा जूनअखेर कुणाकडे सही मागायला जाऊ नये.

आज उपासाचा वार. बुधवारी आणि शुक्रवारी श्रद्धाळू मंडळी मांस, अंडी, दूध काही घेत नाहीत, त्यामुळे शाकाहाऱ्याची चंगळ. शिरो म्हणजे पिठल्याचाच थोडा तिखट चुलतभाऊ, खाली इंजेरा, म्हणजे इथली आंबवलेली, डोशासारखी मोठी भाकरी. जेवताना दादांना सांगून टाकलं की आमच्या पंचांगातही दिवस सूर्योदयालाच सुरू होतो, अधिक मास आला की महिने 13 होतात, आणि आमचं शक तर 78 वर्षं मागे आहे. तुमचं आपलं सात-आठ. ते एवढंच म्हणाले, "मग हातातलं घड्याळ कुणाचं?"

काय सांगणार. फरंज तर फरंज. पण गोऱ्यांना इंजेरा डाव्या हाताने तोडताना पाहिलंय. निदान तेवढ्यात तरी आपण वेगळे.

उद्याच्या ऑनलाइन बैठकीच्या निमंत्रणात तिन्ही वेळा टाकल्या: पुण्याचे साडेअकरा, अदिसचे 9, इथले सकाळचे 3. पुण्याहून लगेच उत्तर आलं, "दुपारी ठेवता येईल का?"