सालीची भेग आणि सिमेंटची भेग

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका शाळेच्या अंगणात मोहाच्या खोडाच्या आकाराच्या तीन सिमेंटच्या कुंड्या घडवण्याचे काम मी घेतले, तेव्हा मे महिना सरत आला होता. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. मुले येण्याआधी कुंड्यांची तराई, म्हणजे सिमेंट काही दिवस ओले राखणे, पूर्ण होऊन त्यांत रोपे लागलेली असावीत, अशी मुख्याध्यापकांची इच्छा होती. दिवस मागे मोजत गेल्यावर कोरण्याचे काम नेमके नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत आले.

या कामात आतला गाभा थर्माकोलचा असतो. काँक्रीटचे वजन घनमीटरला 2400 किलोच्या आसपास, तर आम्ही वापरतो त्या थर्माकोलचे जेमतेम 20 किलो. त्यामुळे साडेतीन फुटांच्या खोडाचा गाभा दोन माणसे सहज उचलून नेतात. गरम तारेने ठोकळे कापायचे, बांबूच्या कामट्या खोचून ते एकमेकांत अडकवायचे, तारेच्या ब्रशने पृष्ठभाग खरबरीत करायचा आणि लॅटेक्स मिसळलेल्या सिमेंटच्या घोळात काचतंतूंची जाळी बसवायची. जाळी अल्कली सोसणारीच घ्यावी लागते, कारण साध्या काचेला सिमेंट हळूहळू खाऊन टाकते. त्यावर सिमेंट-रेतीचा इंचभर मसाला चढवायचा आणि अंगठ्याचा ठसा उमटतो पण अंगठा रुतत नाही, अशा अवस्थेला आला की साल कोरायला घ्यायची. मसाला चढल्यावर एकेका कुंडीचे वजन दोन-अडीचशे किलोंवर जाते, म्हणून जाळी बसवून झाल्यावर गाभे व्हरांड्यातून अंगणातल्या त्यांच्या कायमच्या जागी नेऊन ठेवले.

नवतपातल्या एका दिवशी दुपारी बारा वाजता पहिल्या खोडावर मसाला चढवला. एक भाग सिमेंट, दीड भाग वैनगंगेची चाळलेली रेती, भेगा रोखायला सिमेंटच्या पोत्यामागे 125 ग्रॅम बारीक तंतू, आणि पाणी हात राखून. इतकी वर्षे ज्या मापाने काम केले तेच हे माप होते. दीड वाजता कोरणे सुरू केले. मोहाची साल करड्या रंगाची, उभ्या भेगांची असते, आणि ती हुबेहूब उतरावी म्हणून मी शिवारातल्या एका जुन्या मोहाच्या बुंध्यावर कागद धरून कोळशाने त्याचा छाप घेऊन आलो होतो. अर्धे खोड कोरून झाले होते, तेवढ्यात माझा मदतनीस म्हणाला, "भाऊ, ही भेग तुम्ही नाही पाडली."

ती मी पाडलेली नव्हती. शेजारी दुसरी होती, तिच्या खाली तिसरी. उन्हाळ्यात धानाची बांधी तडकते तसा पश्चिमेकडचा सगळा भाग तडकत होता. मी बारीक तार घेऊन भेगेत सरकवली. माझ्या कोरलेल्या रेषेत ती चार-पाच मिलिमीटरवर टेकत होती, पण या भेगेत ती थेट जाळीला जाऊन लागली.

मुख्याध्यापक बाहेर आले. त्यांनी कौतुकाने पाहिले आणि म्हणाले, "राहू द्या ना, सालीसारखंच दिसते."

दिसत होते खरे, आणि सर मनापासून बोलत होते. म्हणूनच त्यांना समजावणे मला आवश्यक वाटले. कोरलेल्या रेषेला तळ असतो, पावसाचे पाणी तिच्यातून ओघळून जाते. आरपार भेगेतून पाणी आत शिरते, थर्माकोल आणि सिमेंटच्या मध्ये साठते, पांढरे क्षार बाहेर येतात, आणि दोन-तीन उन्हाळे-पावसाळे गेले की कवच पदरापदराने सुटू लागते. मुले ज्या कुंडीच्या काठावर बसणार, तिचे असे होऊ देणे मला मान्य नव्हते. आम्ही खुरपीने जाळीपर्यंतचा सगळा मसाला उतरवला.

उतरवताना लक्षात आले की पूर्वेकडचा, म्हणजे खोडाच्या स्वतःच्या सावलीतला आणि वाऱ्याआडचा भाग अखंड होता. मसाला एकाच घमेल्यातला, पाणी तेच. उरलेला मसाला मी उन्हातल्या विटांच्या कट्ट्यावर, विटा भिजवून, तेवढ्याच जाडीने थापून पाहिला. काही वेळाने दोन्हीकडे तळहात ठेवला. विटांवरच्या थरावर हात टिकत होता, थर्माकोलवरच्या पश्चिमेकडच्या तुकड्यावर टिकत नव्हता. वीट उष्णता आत ओढून घेते, थर्माकोल ती आत जाऊच देत नाही. इंचभर कवच एकटेच तापते, आणि त्यातले पाणी गरम वारा वरच्या वर उडवून नेतो. इतकी वर्षे मसाला तडकला की आम्ही रेतीला किंवा मिस्त्रीला दोष देत आलो. तंतू घातले की भागले, असेही मी समजत होतो. अशा वाऱ्यात एकटे तंतू पुरत नाहीत.

उन्हे कलल्यावर गावातल्या बुरडांकडून बांबूचे तट्टे आणले आणि पश्चिमेला व दक्षिणेला आड लावले, वर हिरवी जाळी दुहेरी ताणली. रेती आणि सिमेंट दिवसभर व्हरांड्यात झाकून ठेवले, पाणी रांजणातले घेतले. सूर्य मावळल्यावर सात वाजता दिव्याच्या उजेडात काम सुरू झाले. थोडा थोडा भागच लिंपला, न कोरलेल्या भागावर ओले बारदान टाकून ठेवले, आणि कोरून झालेल्या भागावर पंपाने धुके मारत राहिलो. रात्री एकपर्यंत पहिले खोड झाले. पुढच्या दोन रात्रींत बाकीची दोन झाली.

काँक्रीटच्या कामासाठीच्या आयएस 456 या भारतीय मानकात उष्ण, कोरड्या हवेत किमान 10 दिवस ओल राखायला सांगितले आहे. शाळेच्या शिपाईकाकांनी दहाही दिवस बारदाने वाळू दिली नाहीत. त्यांच्याशिवाय हे काम उभे राहिले नसते.

अकराव्या दिवशी बारदाने काढली आणि पहिल्या खोडावर बादलीभर पाणी ओतले. पृष्ठभाग वाळत जातो तशी लपलेली भेग काळी रेघ होऊन मागे उरते, म्हणून मी आणि सर पश्चिमेच्या बाजूला बसून पाहत राहिलो. ओल आधी उंचवट्यांवरून गेली, मग कोरलेल्या रेषांमध्ये तेवढी उरली, आणि काही वेळाने त्या रेषाही तळापर्यंत वाळल्या.