कढीपत्त्यावरची अळी आणि तो ठिपका

१४ सप्टेंबर, रविवार

आज सकाळी चहा टाकायच्या आधी गॅलरीत गेले तर कोषाला भोक. टाचणीच्या डोक्याएवढं, अगदी गोल, कुणी सुई तापवून पाडल्यासारखं. फुलपाखरू बाहेर येतं तेव्हा कोष डोक्याच्या बाजूने उलतो, असं पोटाला भोक पडत नाही, एवढं मला आता कळतं. म्हणजे आपलं फुलपाखरू गेलं. आणि मी तिथेच कुंडीशेजारी ओल्या फरशीवर बसून राहिले.

१३ ऑगस्टला कढीपत्त्याच्या कोवळ्या पानांवर लिंबाळी फुलपाखराची चार अंडी दिसली होती, फिक्कट पिवळी, मोहरीपेक्षाही बारीक. त्यातली एकच अळी शेवटपर्यंत टिकली, बाकीच्या कुठे गेल्या कळलंच नाही. पहिले काही दिवस ती हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, तपकिरी आणि मध्ये पांढरा पट्टा, सासूबाई ओल्या फडक्याने पुसायलाच निघाल्या होत्या, मी फोटो मोठा करून दाखवला तेव्हा थांबल्या. मग त्यांनीच त्या फांदीला लाल दोरा बांधला आणि घरात सगळ्यांना सांगून टाकलं की फोडणीला ही फांदी सोडून बाकीचा कढीपत्ता घ्या. शेवटची कात टाकल्यावर ती हिरवीगार झाली, आणि एकदा माझा फ्लॅश फारच जवळ गेला तर डोक्यामागून लालसर दोन शिंगं बाहेर काढून असा आंबट उग्र वास सोडला की मी मागेच सरकले. त्या शिंगांचा फोटो माझ्या सगळ्यात आवडत्या फोटोंपैकी आहे, ओलसर, काचेसारखी दिसतात ती. पण परत कधी तिला मुद्दाम डिवचलं नाही, कारण तेव्हा ती खरोखर घाबरलेली असते.

३१ ऑगस्टला, गौरी आल्या त्याच दिवशी, तिने कुंडीतल्या बांबूच्या काडीवर कोष केला. शेपटाकडून चिकटलेली आणि कमरेभोवती रेशमाचा एकच धागा, बाळाच्या करदोट्यासारखा. घर पाहुण्यांनी भरलेलं, पुरणाचा घाट घातलेला, आणि मी दर थोड्या वेळाने हात पुसून गॅलरीत. जाऊबाई म्हणाल्या अगं गौरी घरात आल्यात आणि तू बाहेर काय करतेस, म्हटलं दोन मिनिटं, आणि ती दोन मिनिटं कधी दोन मिनिटं राहिलीच नाहीत.

माझ्याकडे खरी मॅक्रो लेन्स, म्हणजे बारीक वस्तू अगदी जवळून मोठी टिपणारी, नाही. जुना डीएसएलआर, ५५-२५० ची लेन्स आणि तिच्या तोंडावर चिमट्यासारखं बसणारं रेनॉक्सचं भिंग, तेवढ्यावर तीन वर्षं चाललंय आणि मला त्यात काही कमी वाटत नाही. हे भिंग लावलं की समोरची वस्तू चार-साडेचार इंचावरच फोकस होते, ऑटोफोकस मी बंदच ठेवते, स्वतःच श्वास रोखून केसभर पुढेमागे व्हायचं आणि डोळा शार्प दिसला की बटण दाबायचं. पूर्ण झूमवर लेन्सचं छिद्र बारीक करून एफ ११ ठेवलं तरी अर्धा मिलिमीटरही फोकसमध्ये येत नाही, म्हणजे मिशी शार्प तर डोळा गेला आणि डोळा शार्प तर पाय गेले. ते छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, अजून बारीक केलं तर सगळा फोटोच मऊ पडतो. फ्लॅशपुढे दुधी प्लास्टिकच्या कॅनचा कापलेला तुकडा आणि आत ट्रेसिंग पेपर, एवढा डिफ्यूझर, त्याने किड्यांच्या चकचकीत पाठीवर पांढरे डाग पडत नाहीत. वेताळ टेकडीवर सकाळी लवकर गेलं तर रुईवरचे नाकतोडे, टाचण्या (चतुरासारखे पण बारीक अंगाचे किडे) अजून गारठलेल्या असतात, तेव्हा डाव्या हाताने काडी धरून त्याच हातावर लेन्स टेकवता येते. एका ओळखीच्या गृहस्थांनी सल्ला दिला होता की किडा डबीत घालून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा, मग हलत नाही. मला ते ऐकूनच कसंतरी झालं. तो हलतो म्हणून तर एवढा वेळ बसायचं.

असो. कोषातून साधारण आठ-दहा दिवसांत फुलपाखरू यायला हवं होतं, आधी कोष काळपट होतो आणि आतल्या पंखांची नक्षी दिसायला लागते. अनंत चतुर्दशी झाली, पुढचा आठवडा गेला, नक्षी काही दिसेना, नुसताच मातकट रंग चढत गेला. मी मनाला समजावत होते की पावसाने हवा गार आहे, उशीर होत असेल.

आज भोकाशी कॅमेरा लावला तर आतून एक डोकं वर आलं. जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरची माशी, नुसत्या डोळ्यांनी पाहिली तर काळा कण, आणि स्क्रीनवर बघते तर हिरवट धातूसारखी झळाळी, पाठीवर बारीक ठोके मारलेल्या तांब्याच्या भांड्यासारखे खळगे, डोळे लालसर, मिशा कोपरात वाकाव्यात तशा वाकलेल्या. ती बाहेर आली, काडीवर थांबून पुढच्या पायांनी मिशा पुसल्या, पंख सरळ केले, आणि मागून दुसरी. मग तिसरी. एकेक करून त्याच एका भोकातून. मी ६३ पर्यंत मोजल्या, मग फ्लॅशचे सेल संपले. रडू येत होतं आणि बटणावरचं बोट काही थांबत नव्हतं, दोन्ही एकदम चालू होतं. एवढं देखणं काहीतरी माझ्या अळीला आतून खाऊन बाहेर येत होतं.

दुपारी वाचत बसले. या परजीवी गांधीलमाश्या, टेरोमॅलस असाव्यात असं फोटोवरून वाटतंय. मादी कोषात जाऊ घातलेल्या अळीपाशी येऊन बसून राहते, कोष नुकताच तयार होऊन मऊ असतो तेवढ्या वेळातच त्यात अंडी घालते, कवच कडक झालं की तिला जमत नाही. हे वाचलं आणि मी तशीच उठून ३१ ऑगस्टचे फोटो उघडले.

ती तिथे होती. कोषाच्या वरच्या बाजूला, करदोट्याच्या जरा खाली. सात फोटोंत आहे, सातही फोटोंत वेगळ्या जागी. मला तेव्हा तो लेन्सवरच्या धुळीचा कण वाटला होता, आणि घरच्या ग्रुपवर टाकलेल्या फोटोतून मी तो ठिपका पुसून टाकला होता, चांगला सफाईने, खाली हिरवा रंग मिसळून. धूळ असती तर सगळ्या फोटोंत एकाच जागी दिसली असती, हे मला कळायला हवं होतं. १०० टक्के झूम केलं की पाय मोजता येतात.

संध्याकाळी माहेरी फोन केला. अण्णा उसाला ट्रायकोकार्ड लावायचे, शाळेत असताना मीही पानांच्या मागे ती कार्डं टोचलीत, कागदावर नुसती बारीक रव्यासारखी अंडी दिसायची आणि त्यातून निघणाऱ्या माश्या खोडकिड्याची अंडी संपवतात एवढंच ठाऊक होतं, एकही माशी कधी नजरेला पडली नाही. अण्णा सगळं ऐकून म्हणाले, "अगं मग चांगलंच झालं की. मित्रकीटक हाय तो. लिंबाच्या बागवाल्याला विचार, ती अळी काय करती ते." मी म्हटलं, अण्णा, पण मी तिला अंड्यापासून बघितलंय हो. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्या माशीचा फोटू पाठव. मला बी बघायचीय ती कशी असती."

आजचे दोन फोटो पाठवले आणि ३१ तारखेचा तो एक, न पुसलेला.

सासूबाई विचारत होत्या लाल दोरा आता सोडू का. म्हटलं राहू दे. रिकामा कोष अजून काडीला धरून आहे.