अर्धा भरलेला टँकर आणि तुफानातलं जहाज

अंबाजोगाई, ९ जून

मृग लागला. दुपारी वावधान सुटलं, गोठ्याचे पत्रे वाजले, चार थेंब पडले आणि आभाळ पुन्हा पांढरं झालं. सह्याद्रीपलीकडे सगळं सांडून आलेला हा वारा आपल्याकडे येईपर्यंत दमलेला असतो. पण जुलैत सोमालियाच्या किनाऱ्याजवळ तोच सर्वांत जोरात वाहतो, आणि एडनच्या वाटेवरच्या जहाजाला दिवसच्या दिवस हेलकाव्यांतून उसंत नसते.

बीड-लातूर-परभणीची पोरं आता मर्चंट नेव्हीत जातात. विहीर आणि जायकवाडीचं धरण यापलीकडे पाणी न पाहिलेले आईबाप घरी बातम्या ऐकत बसतात. एक मोठी लाट आली की जहाज बुडतं, असं त्यांना वाटतं. बहुतेकदा तसं होत नाही. एखादं झाकण उघडं राहिलेलं असतं, एखादी टाकी अर्धी असते, आणि लाट फक्त ते शोधून काढते.

तुफानासाठी जहाज कसं तयार करतात ते सांगायला टाकीपासूनच सुरुवात करतो, कारण ती आपल्याला कळते. उन्हाळ्यात दहा-बारा हजार लिटरचा टँकर गावात येतो. पूर्ण भरलेला टँकर वळणावर जड पण शहाण्यासारखा वळतो, रिकामा तर सहज वळतो. अर्धा भरलेला मात्र वळणाच्या बाहेर ओढतो. पाणी एका अंगाला धावतं आणि गाडी सरळ झाली तरी तिथंच रेटत राहतं. जहाजाच्या बॅलास्ट टाक्यांचं, म्हणजे तोल सांभाळायला समुद्राचं पाणी भरतात त्या टाक्यांचं, हेच आहे. टाकी काठोकाठ भरायची नाहीतर कोरडी करायची. हिंदकळणारं पाणी जहाजाची परत उभं राहायची ताकद खातं. हा तोटा टाकीच्या रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणून टाकीच्या मधोमध एक उभी भिंत घातली की तो चौथ्या हिश्श्यावर येतो. आणि हे काम वादळाच्या आधीच उरकायचं. रिकामी टाकी भरताना ती अर्धी भरलेली असण्याच्या टप्प्यातून जाणारच, आणि तो टप्पा तुफानात नको.

दुसरं उदाहरण उसाच्या ट्रॉलीचं. माल उंच गेला की ट्रॉली सावकाश झुलते, आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. जहाजही तसंच. ३२ मीटर रुंदीच्या जहाजाचा जीएम, म्हणजे स्थिरतेचं माप, १ मीटर असेल तर एक पूर्ण हेलकावा ढोबळमानाने २५ सेकंदांचा असतो. जीएम ४ मीटर असेल तर साधारण १३ सेकंदांचा. हळू झुलणारं जहाज परत यायला कचरतं. पण फार ताठ जहाजही वाईट. ते असा हिसका मारतं की कंटेनरची लॅशिंग, म्हणजे बांधून ठेवणाऱ्या साखळ्या-सळया, तुटते. बंदरात माल चढवतानाच यातलं मधलं माप साधावं लागतं.

१० जून

आज हवा कोंदलेली. वादळाची चाहूल जहाजावर कशी घेतात ते लिहितो.

उपग्रहावरून आणि नॅव्हटेक्सवरून, म्हणजे जहाजांसाठीच्या रेडिओ-संदेशयंत्रावरून, इशारे येतात, पण बॅरोमीटर बघणं सुटत नाही. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. हा रोजचा चढउतार वजा करूनही दाब त्या ऋतूच्या सरासरीपेक्षा ३ हेक्टोपास्कलने कमी असेल तर संशय घ्यायचा. ५ ने कमी असेल तर चक्रीवादळ २०० नॉटिकल मैलांच्या आत आहे असं धरून चालायचं.

मग वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं. आपल्या गोलार्धात वादळाचं केंद्र उजव्या हाताला, थोडं मागे असतं. वारा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत चालला असेल तर जहाज वादळाच्या मार्गाच्या उजव्या, म्हणजे धोक्याच्या अंगाला आहे. तिथे वारा नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, उजव्या बाजूला घेऊन होईल तितक्या वेगाने दूर निघायचं आणि वारा फिरेल तसं उजवीकडे वळत राहायचं. वारा उलटा फिरत असेल तर तो उजव्या पिछाडीला घेऊन डावीकडे वळत निघायचं. वारा एकाच दिशेचा राहून दाब उतरत असेल तर वादळ थेट अंगावर येतंय. तेव्हाही वारा उजव्या पिछाडीलाच घेऊन कमी धोक्याच्या बाजूला सरकायचं.

अंदाजातही चूक असते, आणि ती मोजूनच धरायची. ३४ नॉट, म्हणजे ताशी ३४ नॉटिकल मैल, वाऱ्याच्या घेराबाहेर २४ तासांच्या अंदाजासाठी आणखी १०० मैल, ४८ तासांसाठी २००, ७२ तासांसाठी ३०० मैल सोडायचे. हवामानाच्या निरोपात ६ मीटर लाट लिहिली असेल तर ती सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. अधूनमधून अकरा-बारा मीटरची येणारच. नवी पोरं इथंच फसतात.

नांगरावर बसून राहणं हा सुरक्षित मार्ग वाटतो, पण तो नसतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ बार्ज, म्हणजे कामगारांना राहायचा सपाट तराफा, नांगर तुटून भरकटलं आणि बुडालं. त्यावरची सत्तरावर माणसं गेली. गावोगावच्या घरांत किती दिवस चूल पेटली नसेल.

१२ जून

दोन दिवस डोक्यात तेच आहे. कडब्याच्या गंजीवर दोर वारा सुटायच्या आधी टाकतात. डेकवरही तसंच, कारण नंतर डेकवर पाऊल ठेवायचं नसतं. हॅचचे, म्हणजे मालाच्या कोठारावरच्या झाकणांचे, खटके आवळलेले, लॅशिंगचे टर्नबकल (ताण देणारे स्क्रू) पुन्हा पिळलेले, हवेच्या पाइपांची तोंडं आणि व्हेंटिलेटर बंद. नांगराची साखळी ज्या पाइपातून खाली उतरते त्याच्या तोंडात गोणपाट कोंबून वर सिमेंट.

हे किरकोळ वाटतं. पण सप्टेंबर १९८० मध्ये जपानजवळ ऑर्किड तुफानात २९४ मीटर लांबीचं डर्बीशायर जहाज बुडालं, ४४ जण गेले, मदतीची हाकसुद्धा आली नाही. नंतरच्या तपासात निघालं ते असं: नाळेकडचे व्हेंटिलेटर आणि हवेचे पाइप मोडले, तिथून पाणी आत शिरलं, नाळ खाली बसली, आणि मग लाटांनी पहिल्या हॅचचं झाकण दाबून फोडलं. एल फारो या मालवाहू जहाजाचं, १ ऑक्टोबर २०१५ ला, एक छोटं झाकण उघडं होतं. जहाज एका बाजूला कललं, ऑइल पंपाला ऑइल मिळेना, इंजिन थांबलं आणि ३३ जणांसह ते गेलं. कप्तानाची भिस्त ज्या हवामान-चित्रावर होती ते काही तासांचं शिळं होतं.

माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष इंजिनाकडेच होतं. ट्रॅक्टर उतारावर तिरपा उभा असला आणि ऑइल कमी असलं तर पंप हवा ओढतो. मार्च २०१९ मध्ये नॉर्वेजवळ वायकिंग स्काय या प्रवासी जहाजावर हेच झालं. ल्यूब ऑइल शिफारशीपेक्षा कमी होतं, हेलकाव्यांत इंजिनं बंद पडली आणि १,३७३ माणसांना घेऊन ते खडकाळ किनाऱ्याकडे ढकललं गेलं. सुदैवाने एक इंजिन वेळेवर चालू झालं. दुसरा शत्रू इंधनातला गाळ. विहिरीचा तळ ढवळावा तसा टाकीतला गाळ वर येतो आणि फिल्टर बुजतात. म्हणून टाक्यांच्या तळाचं पाणी आधी काढायचं, जास्तीचे धुतलेले फिल्टर हाताशी ठेवायचे, सुकाणूच्या दोन्ही मोटारी चालू.

तुफानाच्या ऐन भरात करण्यासारखं थोडंच उरतं. लाट नाळेच्या एका अंगाला २० ते ३० अंशांवर घ्यायची आणि सुकाणू ऐकेल इतकाच वेग ठेवायचा. जास्त वेगात नाळ आपटते, जहाज ढकलणारा पंखा पाण्याबाहेर येऊन इंजिन सुसाट फिरतं. वळायचंच झालं तर मोठ्या लाटांची रांग गेल्यावर, कारण लाट आडवी लागते तो क्षण सर्वांत वाईट.

स्वयंपाकघरात तळण बंद, पातेलं अर्ध्यापेक्षा जास्त भरायचं नाही, टेबलावर ओलं कापड, म्हणजे ताटं घसरत नाहीत. मळमळीची गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची, नंतर ती पोटात टिकत नाही. गादीच्या कडेखाली लाइफजॅकेट सरकवून माणूस भिंतीशी खोबणीत झोपतो.

वारा उतरला तरी लाट जुन्या दिशेने तशीच येत राहते, म्हणून लॅशिंग लगेच सोडत नाहीत. आधी प्रत्येक टाकीत आणि बिल्जमध्ये, म्हणजे तळाशी पाणी साठतं त्या खोलगटात, पट्टी टाकून पाणी मोजायचं. कालच्यापेक्षा जास्त भरलं तर कुठेतरी पाइप मोडलाय. सुरुवात नाळेकडच्या स्टोअरपासून करायची, कारण इतके दिवस तिथे कुणालाच जाता आलेलं नसतं.