शेवरोले 3100: हीटरची ब्लोअर मोटर बदलली

मंडळी, 1951 च्या शेवरोले पिकअपच्या हीटरची ब्लोअर मोटर, म्हणजे काचेवर हवा मारणारा पंखा फिरवणारी मोटर, बदलून झाली. 3100 मॉडेल, 216 घनइंचाचं सहा सिलिंडर इंजिन, दोन तुकड्यांची सपाट काच. जनरल मोटर्स 1928 ते 1954 शिवडीला गाड्या जोडायची, आणि आमचं हे धूड आजही जवळच, वडाळ्याला उभं असतं.

मुंबईत हीटर कशाला, असं बघणारा प्रत्येकजण विचारतो. पावसाळ्यात एकदा शेजारी बसला की विचारत नाही. काच बाहेरून पावसानं गार पडते, आत दोघातिघांचे श्वास आणि ओले कपडे. काचेचं तापमान आतल्या हवेच्या दवबिंदूखाली (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन साचते) गेलं की ती आतून धुरकट होते. त्यात या गाडीचे वायपर इंजिनच्या व्हॅक्यूमवर (हवा ओढण्याच्या जोरावर) चालतात. लालबागच्या उड्डाणपुलावर चढताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडतो आणि वायपर मंदावतात; म्हणजे ऐन चढावर बाहेर पाणी आणि आत वाफ. काचेवर तंबाखू चोळायचा जुना ड्रायव्हरी उपाय बाहेरच्या पाण्यापुरता ठीक आहे. आतल्या वाफेला काचेवर सतत वाहती हवाच लागते. एसी नसलेल्या गाडीत ब्लोअर ही माझ्या मते ब्रेकइतकीच गरजेची वस्तू आहे.

मूळ मोटर 6 व्होल्टची. गाडी मात्र आधीच्या मालकाच्या काळातच 12 वर गेलेली, आणि मोटर तशीच थेट 12 वर जोडलेली होती. उघडल्याबरोबर जळक्या व्हार्निशचा वास आला. आर्मेचरचं (मोटरच्या फिरत्या भागाचं) वायंडिंग काळंठिक्कर, कम्युटेटरच्या (ब्रश ज्याला टेकून वीज देतात त्या तांब्याच्या कड्याच्या) पट्ट्यांमधल्या खाचा कार्बनच्या भुकटीनं भरलेल्या, आणि एक ब्रश इतका झिजलेला की स्प्रिंगच तांब्याला घासत होती. तारा नव्यानं गुंडाळून (रिवाइंड करून) हीच मोटर 12 वर आणता आली असती आणि मूळ वस्तू जपायला मला मनापासून आवडतं. पण शाफ्ट ज्यात फिरतो ते दोन्ही बुश अंडाकृती झाले होते, शाफ्टही खाल्लेला. म्हणून नवी बसवायचं ठरवलं. जुनी ग्रीस लावून, कागदात गुंडाळून जपून ठेवली आहे.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जाताना जुनी मोटर, तिचा क्लॅम्प आणि बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर सोबत नेला. एका छोट्या गाडीची 12 व्होल्टची मोटर क्लॅम्पमध्ये बसेल अशी मिळाली. अडलं ते पंख्याच्या हबवर, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या भागावर. जुनं भोक पाव इंची, म्हणजे 6.35 मिमी, नवा शाफ्ट 6 मिमीचा. मधे बुश घालायचा तर त्याची जाडी पाव मिमीसुद्धा राहत नाही. लेथवाल्या काकांनी भोकात शाफ्ट घालून हलवून पाहिला आणि म्हणाले, “एवढा पातळ बुश चकमध्येच चुरगळेल. हबचं भोक 10 मिमी करतो, पितळ ठोकतो, मग त्यात तुमचा 6 चा होल.” तसंच केलं. शाफ्टवर थोडी सपाट बाजू घासून हबचा ग्रब स्क्रू (डोकं नसलेला छोटा स्क्रू) तिथे टेकवला. मग पंखा एका सळईवर चढवून, सळई दोन पट्ट्यांच्या धारेवर आडवी ठेवली. पंख्याचं जड पातं दरवेळी खाली येऊन थांबायचं. कानशीनं ते जरा जरा घासत गेलो, शेवटी पंखा कुठेही थांबायला लागला. याच्यात घाई करू नका. तोल नसलेला पंखा नवे बुशही लवकर खातो.

फिरण्याची दिशा आधी बाकावरच तपासा. जुन्या मोटरीत चुंबकाऐवजी फील्ड कॉइल (विजेनं चुंबक होणारं तारेचं वेटोळं) होती. तिच्या तारा उलटसुलट केल्या तरी ती त्याच दिशेनं फिरायची, कारण फील्ड आणि आर्मेचर दोन्ही एकदमच उलटतात. नव्या मोटरीत कायमचुंबक आहेत, तारा बदलल्या की दिशा बदलते. आमचा पंखा पात्यांचा आहे, उलटा फिरला तर हवा काचेकडे जाण्याऐवजी मागे ओढली जाईल.

आता जुन्या स्पीड रेझिस्टरबद्दल, म्हणजे ‘लो’वर मोटरचे व्होल्ट कमी करणाऱ्या भागाबद्दल. तो तसाच ठेवला तर ‘लो’ आणि ‘हाय’मध्ये फरकच कळत नाही. तेवढ्याच वॅटची मोटर 12 वर अर्धाच करंट घेते, त्यामुळे रेझिस्टरवर पडणारे व्होल्टही अर्धे. पूर्वी 6 मधले 2 पडत असतील तर आता 12 मधला साधारण 1 पडतो. तोच परिणाम हवा असेल तर ओहम चौपट लागतात. मी वायरवाउंड (तार गुंडाळलेला) रेझिस्टर बसवला, तोही हवेच्या वाटेतच, कारण तो सणसणीत तापतो.

सगळं जोडून सुद्धा हवा मरगळलेली होती. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 व्होल्ट आणि मोटरच्या टोकांवर जेमतेम 10.7. मीटरची एक टोकणी मोटरच्या निगेटिव्हवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवली, तर 1.6 व्होल्ट एकट्या अर्थिंगमध्ये जात होते: रंगाच्या थरावर कसलेला बोल्ट, खाली गंज. पत्रा चकचकीत घासला, दातेरी वॉशर घातला, शिवाय बॅटरीपर्यंत वेगळी तार ओढली. उरलेली गळती जुन्या स्विचमध्ये होती. तो मूळचा असल्यामुळे काढला नाही. त्याच्याकडून फक्त रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) चालवतो, मोटरला फ्यूजमधून थेट वीज. आता मोटरवर 13.3 मिळतात.

परवाच्या जोरदार सरीत ईस्टर्न फ्रीवेवरून चेंबूरपर्यंत जाऊन आलो. इंजिनकडून हीटरला येणाऱ्या गरम पाण्याचा व्हॉल्व्ह किंचित उघडा, ब्लोअर ‘लो’वर, आणि दोन्ही काचा खालपासून वरपर्यंत स्वच्छ. फक्त डावीकडच्या डिफ्रॉस्टरला (काचेवर हवा सोडणाऱ्या तोंडाला) हवा कमी येते. तिकडचा होस डॅशबोर्डच्या मागे दबलाय असं वाटतं. पुढच्या रविवारी ग्लोव्ह बॉक्स काढून बघतो. त्या मापाचा कापडी होस कुणाकडे असेल तर नक्की कळवा.