भोकाची किंमत

कपाट आवरायला काढलं की एखादी डबी सापडते आणि आवरणं तिथेच राहतं. परवा दुपारी हिंगाची गंजकी डबी निघाली. आत एसटीची जुनी तिकिटं, चिमट्याने भोकं पाडलेली.

आमच्या गाडीचे कंडक्टर हाताला काम नसलं की तो चिमटा दांडीवर वाजवायचे. टिकटिक, टिकटिक. मी उतरणाऱ्यांकडून तिकिटं मागून घ्यायचो. माझी अट एकच होती : भोक बरोबर आकड्यावर पडलेलं हवं. काठाला चिरलेलं तिकीट बाद. अजूनही कागद फायलीला लावताना भोक तिरकं पडलं, तर दिवसभर चुकचुकत राहतं.

अमेरिकेत फुकट पासाला एके काळी ‘अ‍ॅनी ओकली’ म्हणायचे. विकलेल्या तिकिटांच्या हिशेबात येऊ नयेत म्हणून त्या पासांना भोकं पाडत. आणि अ‍ॅनी ओकली ही ओहायोची नेमबाज बाई पत्त्यांना गोळ्यांनी भोकं पाडायची, म्हणून हे नाव. १८८५ पासून बफेलो बिलच्या ‘वाइल्ड वेस्ट’ या फिरत्या खेळात होती. पत्त्याची कड समोर धरली तरी तिची गोळी चुकायची नाही. लहानपणी शिकार विकून घर चालवलेलं, तेव्हा एक गोळी वाया घालवणंही परवडलं नसणार.

तिच्या वस्तू जमवणाऱ्यांत मला सगळ्यात आवडतो तो सिटिंग बुल. लाकोटा या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा हा म्हातारा प्रमुख १८८४ साली तिचा खेळ पाहून इतका खूश झाला, की फोटोसाठी त्याने ६५ डॉलर पाठवले. तिने फोटो दिला आणि पैसे परत केले, असं तीच सांगायची. पुढे २०१२ मध्ये डॅलसला तिच्या वस्तूंचा लिलाव झाला. एकट्या बंदुकीचे १,४३,४०० डॉलर आले. पण माझा जीव अडकतो तो पत्त्यात. कोरा पत्ता काय, कुठल्याही जोडात मिळेल. मोल सगळं त्या भोकाचं, म्हणजे पत्त्याचा जो तुकडा उडून गेला त्याचं!

बाईंना स्वतःला मात्र जमवाजमवीचं कौतुक नसावं. शेवटी शेवटी तिने आपली पदकं वितळवून ते पैसे दान केले म्हणतात. माझ्याच्याने हिंगाची डबी टाकवत नाही.

डबीत दोन तिकिटं एकाला एक चिकटलेली होती, एक पूर्ण आणि एक अर्धं. अर्धं माझंच असणार. उजेडात धरलं. भोकांवरून भाडं कळत होतं, गाव कळेना. शेवटी दादाला फोन लावला.

“पाटणचं असेल,” तो म्हणाला. “नाहीतर चिपळूणचं. तुला गाडी लागली होती, तेवढं आठवतंय.”